जुनी स्पोर्टी सेडान घ्यायचीय? बॉनेट नंतर उघडा, आधी चाकांकडे बघा

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांवरचे जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि जुन्या गाड्यांच्या भावाचं गणितही हललं. चार मीटरहून लांब, दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल सेडानवर पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि वर 17 टक्के उपकर, असा 45 टक्के कर होता. आता तो उपकराशिवाय 40 टक्के आहे. नवी गाडी उतरली की जुनीही उतरायला हवी, पण विकणारा भाव सांगतो तो त्याने स्वतः मोजलेल्या जुन्या किमतीवरून. म्हणून घासाघीस सुरू करण्याआधी त्याच व्हेरिअंटची, किंवा तिची जागा घेतलेल्या गाडीची, आजची ऑन-रोड किंमत शोरूमकडून लिहून घ्या आणि तिथून खाली या.

गोव्यात या गटातल्या काही गाड्यांना हौशी गिऱ्हाईक कायम असतं. फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड ही भावंडं, 2022 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या व्हर्टस आणि स्लाव्हिया, 2023 ची टर्बो वेर्ना, आणि अजूनही कुणी जपून ठेवलेली फोर्ड फिएस्टा. लोक यांना शोधतात ते डिकीसाठी नव्हे. चोर्ला घाटात किंवा मोलेहून अनमोड चढताना गाडी वळणावर रस्ता धरून राहते, स्टीअरिंग हातात बोलतं, यासाठी शोधतात. गंमत अशी, की ज्या गुणासाठी आपण चार पैसे जास्त मोजतो तोच गुण सगळ्यात आधी झिजतो. तो सांध्यांतल्या रबराच्या कड्यांमध्ये, म्हणजे बुशांमध्ये, तेलाच्या शॉकॲब्झॉर्बरमध्ये आणि टायरमध्ये असतो. पॉलिश मारून तो परत येत नाही, आणि मीटरवर दिसतही नाही.

हँडलिंग म्हणजे नेमकं काय

गाडी वळणात शिरली की वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातं आणि बॉडी तिकडे कलते. हे कलणं किती आणि किती वेगाने व्हावं, हे तीन वस्तू ठरवतात. स्प्रिंग वजन पेलते. अँटी-रोल बार ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी; एक चाक वर गेलं आणि दुसरं खाली राहिलं की ती पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. तिसरा शॉकॲब्झॉर्बर. नाव काहीही असलं तरी धक्के पेलण्याचं काम स्प्रिंगचं. हा स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. ऑफिसच्या दाराला वर लावलेला क्लोझर आठवा: आतलं तेल बारीक छिद्रातून जातं म्हणून दार आपटत नाही, हळू मिटतं. तेल गळालं की दार आपटायला लागतं. शॉकॲब्झॉर्बरचंही तेच.

या सगळ्यांना बॉडीशी जोडणाऱ्या सांध्यांत रबराचे बुश असतात. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांडीचा, मागचा बुश फाटला, तर ब्रेक मारताना किंवा वळताना चाक स्वतःच्या मर्जीने दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे सरकतं. ड्रायव्हरला ते ‘गाडी जरा सैल वाटते’ एवढंच कळतं. स्पोर्टी सेडानमध्ये हा फरक जास्त बोचतो, कारण तिची सगळी भूमितीच काटेकोर बांधलेली असते.

उभ्या गाडीवर: टायर आधी वाचा

टायर हा सस्पेंशनचा खरा जबाब असतो. हात फिरवून बघा, नुसतं पाहून भागत नाही. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेलं आहे, किंवा आर्म नाहीतर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बरचा एकत्र खांब) वाकलेला आहे. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त ठेवली जात होती. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. टायरच्या परिघावर हाताला उंच-सखल लाटा लागल्या तर शॉकॲब्झॉर्बर गेलेला असण्याची शक्यता मोठी, कारण चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत होतं.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतं, आणि ओल्या जांभा-मातीच्या रस्त्यावर ते लगेच दगा देतं. नक्षीतल्या खाचांमध्ये 1.6 मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात. झीज तिथपर्यंत आली की टायर संपला. पुढच्या दोन चाकांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर असतील तर गाडी एका बाजूला खेचण्याचं खरं कारण काय, हे तुम्हाला कळणारच नाही. विकण्याच्या तोंडावर चारही टायर कोरे करकरीत असतील तरी खूश होऊ नका. जबाब पुसला गेलेला असू शकतो.

मग मेस्त्रीकडे पुढचं चाक जॅकवर उचलून घ्या. हात वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा: खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. नऊ आणि तीनवर धरून हलवा: खेळ असेल तर स्टीअरिंग रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारी यंत्रणा, किंवा टाय रॉड एन्ड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा. टाय रॉड एन्ड स्वस्तातला भाग आहे, रॅक नाही. म्हणून मेस्त्रीला टाय रॉडच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा आणि तुम्ही चाक हलवा. टकटक बोटाला लागली तर सांधा, आतून कुठून तरी आली तर रॅक. लोअर आर्मच्या मागच्या बुशात पहार घालून हलकं रेटलं की रबरातली चीर उघडी होते.

शॉकॲब्झॉर्बरवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गेला. कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकर पकडते. अर्धवट दमलेला त्यात पास होतो.

चालवून बघताना कान कुठे लावायचे

हे नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. गतिरोधकावरून सरळ, हळू गेलात आणि आवाज आला नाही म्हणजे सस्पेंशन ठीक, असं लोक धरून चालतात. पण सरळ चढताना दोन्ही चाकं एकदम वर जातात, अँटी-रोल बार पिळलाच जात नाही, आणि त्याच्या टोकांना असलेले लिंक रॉड गप्प बसतात. तोच गतिरोधक तिरका घ्या, आधी एक चाक, मग दुसरं. किंवा गावातल्या उखडलेल्या रस्त्यावर ताशी 15-20 किलोमीटरने जा. आता पुढून बारीक ‘टक-टक’ आली तर लिंक रॉड. जड ‘धब्’ असा आवाज आला तर आर्मचे बुश किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग. जागेवर उभं राहून स्टीअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग ‘टणाण’ करून सुटल्यासारखी वाटली, तर माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय.

मोकळ्या जागेत स्टीअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवून हळू गोल फिरा. ‘कट-कट-कट’ आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट.

नंतर मोठ्या रस्त्यावर, कदंब पठारावर किंवा वेर्ण्याकडे, ताशी 80 ला स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा. रस्ता पाण्यासाठी डावीकडे उतरता असतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे जाणारच. त्याहून झटकन गेली किंवा उजवीकडे गेली तर दोष आहे. वळण घेऊन झाल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ यायला हवं. लांब वळणावर रस्त्याला बारीक खड्डा आला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला उडी मारल्यासारखा सरकला, तर मागचे शॉकॲब्झॉर्बर दमलेत. या गटात मागे बहुतेक टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच लवचिक तुळईला जोडलेली. थोडी उडी हा त्या रचनेचा स्वभाव आहे. उडी मारून पुन्हा डोलत राहणं हा मात्र दोष.

ब्रेक 80 वरून एकदा मध्यम जोराने दाबा. पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, आपल्या हवेत तो रातोरात चढतो आणि चार वेळा ब्रेक दाबले की जातो.

लाल माती की गंज?

किनाऱ्याच्या गाडीचा खरा शत्रू मीठ आहे. मिरामार, कोलवा, हरमल अशा ठिकाणी समुद्रासमोर उघड्यावर उभी राहणारी गाडी वरून चकचकीत आणि खालून खाल्लेली असू शकते. पण इथे एक अडचण आहे: गोव्यात प्रत्येक गाडीखाली तांबडी मातीच असते. डिचोली, उसगाव, सांगे या खाणपट्ट्यातल्या गाडीला तर खनिजाची लाल धूळ सांध्यासांध्यात भरलेली. तिला गंज समजून चांगली गाडी सोडली जाते, आणि गंजाला माती समजून वाईट गाडी घेतली जाते. ओल्या फडक्याने पुसा. माती फडक्यावर येते आणि खाली रंग दिसतो. गंज जागीच राहतो, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला की पापुद्रे निघतात.

बघायच्या जागा: स्प्रिंग जिथे बसते ती वाटी, पुढचा सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती खालची चौकट), ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सायलेन्सरचे सांधे, दाराच्या खालची पाणी निघायची छिद्रं. ही छिद्रं मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून कुजतं.

दिवाडी-चोडणच्या बाजूची गाडी असेल तर आणखी एक काम करा. फेरीबोटीत चढताना-उतरताना उताराच्या कोनात सेडानचं नाक घासतं आणि चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. पुढच्या बंपरची खालची कड आणि इंजिनाखालचं प्लास्टिकचं कवच बघा. कवच तुटून प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेलं असेल, तर त्यामागचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तेलाचं भांडं, तेही बघा, त्याला मार लागलेला असू शकतो.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या भागावर गढूळ रेघ दिसली तर विषय संपला. सीटखालचे रुळ आणि त्यांचे बोल्ट, डिकीतली स्टेपनीची खोबण, आणि कार्पेटखालच्या वायरच्या सॉकेटांवरचा हिरवट थर, हेही बघा. अत्तराचा दरवळ जास्त असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं एसी लावा. कुबट वास लपत नाही.

टर्बो आणि गिअरबॉक्स

आधीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. सुरुवातीची दोन-तीन सेकंदं खडखड, निळसर धूर, डगमगती आयडल, हे सगळं तिथेच कळतं. कूलंटची पातळी कमी असेल तर ‘वर घालायचं राहिलं’ हे उत्तर मान्य करू नका. ते बंद वर्तुळात फिरतं. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलंय.

ऑटोमॅटिक घ्यायची तर व्हर्टस-स्लाव्हियाच्या 1.0 टीएसआयला, म्हणजे छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) येतो, तर 150 पीएसच्या 1.5 टीएसआयला सात गिअरचा डीएसजी. डीएसजी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स: एक क्लच चालू गिअर धरतो, तेव्हाच दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. वेग भन्नाट. पण या सात गिअरच्या प्रकारात क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. पर्वरी किंवा म्हापशाच्या रांगेत इंच-इंच सरकताना ते घसरत राहतात आणि तापतात. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्याने तर ते भाजूनच काढलेले असतात. दहा मिनिटं मुद्दाम गर्दीत चालवा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्के किंवा थरथर, चढावर रिव्हर्स घेताना अडखळणं, गिअरच्या दिव्याचं लुकलुकणं, यातलं एकही दिसलं तर भाव करू नका, गाडी सोडा. आतलं मेकाट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारं इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट, बिघडलं तर खर्चाचा आकडा वाटाघाटीत बसत नाही. 1.5 मध्ये हलक्या वेगात चारपैकी दोन सिलिंडर बंद होतात. तेव्हा येणारी बारीक गुणगुण मात्र दोष नाही.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, सोबत न्या. दोषाचे कोड नाहीत हे पाहून थांबू नका, ‘कोड पुसल्यापासून धावलेले अंतर’ हा आकडा उघडा. गाडी 60 हजार चाललेली आणि कोड पुसल्याला 12 किलोमीटर झालेले असतील, तर कालच कुणीतरी काहीतरी लपवलंय.

“पण 40 हजारच तर झालीय”

चाळीस हजार घाटातले की पणजी-मडगावचे, हा प्रश्न आधी. कडक चालवलेली गाडी 40 हजारात बुश संपवते, जपलेली तेच बुश लाखापर्यंत नेते. शिवाय मीटर फिरवता येतं. ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगच्या वरच्या भागाची झीज, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड यांचा आकड्याशी मेळ घाला आणि चॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढा.

गोव्यात यात आणखी एक भर. इथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या रेंट-अ-कॅब आहेत, आणि बेकायदा भाड्याने दिल्या जाणाऱ्या खासगी गाड्याही आहेत. स्पोर्टी सेडान सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या हाती गेली की तिचं काय होतं ते सांगायला नको. आरसीवर गाडीचा वर्ग बदललाय का ते बघा. ई-चलनांचा इतिहास मिळत असेल तर चाळा. मालक फोंड्याचा आणि चलनं डिसेंबरभर कळंगुट-बागा पट्ट्यातली असतील तर विचारायला हरकत नाही.

“डीलरकडची सर्टिफाइड घेतली तर?”

कागद आणि इंजिनाच्या बाबतीत धोका कमी होतो, हे खरं. पण दीडशे-दोनशे मुद्द्यांच्या त्या यादीत ‘सस्पेंशन: ओके’ एवढीच ओळ असते, आणि बुश-शॉकॲब्झॉर्बर हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीतून बहुतेक वेळा वगळलेले असतात. वगळलेल्या भागांची यादी आधी वाचा, मग फुलांचा गुच्छ घ्या. जीएसटीवरून गोंधळू नका: नोंदणीकृत डीलरला 18 टक्के कर भरावा लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. खासगी माणसाकडून खासगी माणसाने घेतली तर जीएसटी नाही.

सजवलेली गाडी

खाली बसवलेल्या स्प्रिंगा, मोठ्या रिम, ‘स्टेज वन’ रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवणं): हौस त्याची, बिल तुमचं. कापलेल्या स्प्रिंगवर शॉकॲब्झॉर्बर कायम अर्धा दबलेला राहतो आणि लवकर मरतो. रीमॅपने वाढलेला टॉर्क कोरड्या क्लचवर पडतो. मूळ नोंदणीतल्या रचनेत मोठे बदल करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळतं. मूळ भाग डिकीत ठेवलेले मिळत असतील तरच पुढे बोला.

कागद, थोडक्यात

हस्तांतराच्या सूचनेचा फॉर्म 29 दोन प्रती, हस्तांतराच्या अर्जाचा फॉर्म 30, कर्ज होतं तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35. एमएच-07 किंवा केए-22 ची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि गोव्यात पुन्हा रोड टॅक्स. तो धरूनच भाव ठरवा. हस्तांतराची खबर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत द्यायची असते. विमा नावावर करायलाही 14 दिवस. नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही. पण त्याच्या पॉलिसीवर तो शून्य दिसला तर गेल्या वर्षी क्लेम कशाचा झाला, हे विचारा.

“झिजलंय तर घेतल्यावर बदलून घेऊ की”

घ्या, उत्तम विचार आहे. सस्पेंशन झिजलेली पण इंजिन-गिअरबॉक्सने ठणठणीत गाडी हा खरं तर चांगला सौदा, कारण बहुतेक गिऱ्हाईकं आवाज ऐकून पळतात. फक्त अंदाजपत्रक सौद्याआधी हातात हवं. शॉकॲब्झॉर्बर एकटा बदलत नाहीत, जोडीने. सोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर. आर्मचे बुश करताना लिंक रॉडही करून टाका, मजुरी तीच.

आणि मेस्त्रीवर एक गोष्ट लक्ष ठेवून करवून घ्या. नवा बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना घट्ट करायचा नाही. तसा केला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरताच पीळ खातं आणि काही महिन्यांतच फाटतं. बोल्ट आधी सैल लावायचा, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि मग टॉर्क पान्याने आवळायचा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला. दुरुस्तीनंतरही एखादं चाक त्या कागदावरच्या हिरव्या, म्हणजे योग्य मर्यादेच्या, पट्ट्यात येत नसेल, तर काहीतरी वाकलेलं अजून आत शिल्लक आहे.